भाता कुणी मारायचा

मला अर्धांगाचा झटका आला तो डाव्या बाजूला, आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य हेच बोलायचा, ‘देवाची कृपा, उजवा हात वाचला.’ दवाखान्यात मी हे इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे कुणी दारातून आत आलं की मीच सांगून टाकायचो, ‘हो, उजवा वाचला. बसा.’ जेवता येतं, सही करता येते, दाढी करता येते, सगळं खरं. पण मी पेटी वाजवणारा माणूस. पेटीवाल्याचा उजवा हात पट्ट्यांवर फिरतो, तो सगळ्यांना दिसतो. डावा हात मागे भाता मारत असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. भाता थांबला की पेटी म्हणजे नुसतं लाकडाचं खोकं. माझा तोच हात गेला होता आणि लोक माझं अभिनंदन करत होते.

उत्तरायण नुकतंच होऊन गेलं होतं. गच्चीच्या तारांना कुणाकुणाचे पतंग लटकलेले होते, घरात चिक्की उरली होती. सकाळी चहाचा कप उचलायला गेलो तर कप हातातून सुटला आणि फरशीवर फुटला. मला बायकोला विचारायचं होतं की असले गुळगुळीत कप आणतेस कशाला. पण तोंडातून भलतंच काहीतरी निघालं. तिने मान वळवून पाहिलं तर माझं तोंड एका बाजूला गेलेलं. पाणीगेटच्या आमच्या गल्लीत रिक्षा आत येत नाही, म्हणून तिने शेजाऱ्यांना हाका मारून मला खुर्चीसकट नाक्यापर्यंत नेलं. ती अजून सांगते की तुम्ही रागीट आहात म्हणून वाचलात. दुसऱ्या कुणाचा कप फुटला असता तर तो गप्प बसला असता आणि मला कळलंही नसतं.

आमची मंडळी छोटी आहे. वडील नगरकडून रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, तशीच आणखी काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं आली. फत्तेगंजातल्या एका देवळात आम्ही जमतो. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. सकाळी तिथे गुजराती मंडळीची उपासना असते, ती सुटली की आमची सुरू होते. ते बाहेर पडतात, आम्ही आत शिरतो, दारात ‘सलाम, केम छो’ होतं, आणि पंखे तसेच चालू राहतात. वडिलांच्या मागे पेटी माझ्याकडे आली. नोकरी केली ती एका कारखान्यात, हवा दाबून भरणाऱ्या यंत्रांवर. आठवडाभर तिकडे हवा भरायची आणि रविवारी इकडे. याच्यावरून घरात माझी काय थट्टा व्हायची ते सांगायला नको.

एक गोष्ट कबूल करण्यात मला लाज नाही. माझी पेटी मोठी वाजायची. आमची मंडळी गाते मनापासून, पण रेंगाळते. एकेक कडवं असं ओढतात की पाळकसाहेबांचा उपदेश त्यापुढे छोटा वाटावा. त्यांना पुढे रेटायला कुणीतरी लागतं, आणि ते काम माझं, असं मी धरून चाललो होतो. बायको स्त्रियांच्या बाजूला बसायची आणि घरी आल्यावर म्हणायची, ‘आज पेटीचं गाणं छान झालं. आम्हीही तोंड हलवत होतो.’ मी म्हणायचो, ‘तुम्हाला सूर कोण देतं?’ ती म्हणायची, ‘सूर द्या ना. आमचा काढून कशाला घेता?’ हे भांडण आमच्याकडे रविवारच्या वरणभाताबरोबर ठरलेलं होतं.

दवाखान्यात वडील मंडळी प्रार्थनेला आली. वडील म्हणजे मंडळीचे कारभारी, चार भारदस्त माणसं. त्यांनी पलंगाला वेढा घातला, डोळे मिटले, माझ्यावर हात ठेवले आणि फार तळमळीने प्रार्थना केली की प्रभू, या हाताला स्पर्श कर, या हातात पुन्हा बळ घाल. मी डोळे किलकिले करून पाहिलं. सगळ्यांनी मिळून माझा उजवा हात धरला होता. त्यांच्या डोक्यात पेटी म्हणजे उजवा हात, दुसरं काय. मला बोलता नीट येत नव्हतं, आणि मध्येच प्रार्थना थांबवून दुसरा धरा असं सांगणार तरी कसं? माझा उजवा हात तेव्हापासून पहिल्यापेक्षा चांगला चालतो, हे मात्र खरं आहे.

घरी आलो आणि हसू संपलं. चालणं काठीने थोडं जमायला लागलं, बोलणं बरंच सुटलं, पण डावा हात मांडीवर पडून राहायचा. मी त्याला उजव्या हाताने उचलून टेबलावर ठेवायचो, तो तिथेच. सयाजीगंजात एका दवाखान्यात व्यायामाला जायचो. तिथली मुलगी फार गोड होती. ‘अंकल, मुठ्ठी वाळो,’ म्हणायची. मी सगळा जीव गोळा करायचो आणि अंगठा जरासा हलायचा. ती म्हणायची, ‘सरस! थई जशे, अंकल.’ सगळ्यांनाच ती तसं म्हणायची. शेजारच्या पलंगावरचे एक गृहस्थ घोरत असायचे, त्यांनाही.

पण ते ‘थई जशे’ काही होईना. मला देवाचा राग आला होता. जेवणाआधी आमच्याकडे प्रार्थना असते, ती मी करायचो. आता मी गप्प बसायचो आणि बायको दोन ओळींत आटपायची. मनात मी त्याच्याशी फक्त भांडत होतो. म्हणत होतो, मी काय वाईट वाजवत होतो? तुझ्याचसाठी वाजवत होतो ना? पाय घ्यायचा होता एखादा. नेमका हात तुला कशाला हवा होता? आणि या रागाच्या तळाशी एक भीती होती, ती मी बायकोलाही सांगितली नाही. पेटी गेली तर त्या देवळात मी कोण? पेटीवाला म्हणूनच लोक मला ओळखत होते, आणि देवही तसाच ओळखत असेल, असं मला कुठेतरी वाटत होतं. काहीच न करता नुसता चटईवर बसलेला मी त्याला चालेन का, हे मला माहीत नव्हतं.

एका रविवारी बायको तयार होऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘आज येता? रिक्षा नाक्यावर बोलावते.’

मी म्हणालो, ‘पेटी वाजवता येईल त्या दिवशी देवळात पाऊल टाकीन. त्याआधी नाही.’

‘हे कुणाला सांगताय, मला की त्याला?’

‘दोघांनाही.’

‘बरं,’ ती म्हणाली, पदर सारखा केला आणि एकटी गेली. तिने हे वाक्य जपून ठेवलंय हे मला पुढे कळलं.

माझ्या जागी मंडळीने इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला. मला पाळकसाहेब म्हणाले होते, ‘काका, हा एका हाताने वाजतो, तुम्ही बघा ना.’ पाळकसाहेब माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान आहेत, मला काका म्हणतात. मी म्हटलं, ‘त्याला श्वास नाही, बटण आहे. मला बटणावर गायला लावू नका.’ त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, ‘काका, तुमचा हात देवाने अजून बरा का केला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. असतं तर सांगितलं असतं.’ मला ते आवडलं. तोपर्यंत ज्याच्या त्याच्याकडे उत्तर होतं.

कीबोर्डाची हकिकत मला आणली ती माझ्या तबलजी मित्राने. हा डभोईला राहतो, शाळामास्तर होता, निवृत्त झाला. दर रविवारी बसने बडोद्याला येतो, मांडीवर पिशवीत डग्गा. आम्ही एकत्र वाजवायला लागलो तेव्हा दोघांच्याही डोक्यावर केस होते. उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना संपवून तो सरळ आमच्याकडे आला आणि खुर्चीत बसून हसतच सुटला. क्रुसाचं गीत चालू होतं, सगळे माना खाली घालून गात होते, आणि कीबोर्डवाल्याच्या मनगटाखाली कुठलंसं बटण दाबलं गेलं. एकदम वरातीचा ताल सुरू झाला. तो बंद करायला गेला तर आणखी जलद झाला.

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय. मी डग्गा दाबून धरला, पाळकसाहेबांनी जाऊन प्लग उपटला. अरे, तू ये बाबा परत. काहीही करून ये.’

मला फार आनंद झाला. उत्तम शुक्रवारी ख्रिस्ती माणसाला होऊ नये इतका झाला. तो गेल्यावर मात्र मी कपाटावरच्या पेटीकडे बघत बसलो.

त्यानंतर मी गुपचूप एक उद्योग सुरू केला. दुपारी बायको स्वयंपाकघरात असली की पेटी खाली काढून घ्यायचो. खाली काढणं म्हणजे शेजारणीला सांगून काढून घेणं, पण ते असो. पेटीत आत हवा थोडा वेळ टिकते. तर उजव्या हातानेच भाता मारायचा, हवा भरायची, आणि ती संपायच्या आत तोच हात धावत पट्ट्यांवर आणायचा. ओळीचा पहिला तुकडा यायचा आणि मग पेटी एखाद्या म्हाताऱ्या बकरीसारखी ओरडून गप्प. पुन्हा भाता. पुन्हा दोन सूर. एक दिवस मी असा कितीतरी वेळ झगडलो. शर्ट घामाने भिजला. शेवटी पेटीवर डोकं ठेवलं आणि रडलो. मोठ्याने रडलो. नोकरीत हवेचा दाब कमी पडला की मी यंत्र उघडून दुरुस्त करत होतो, आणि इथे मलाच उघडून बघता येत नव्हतं.

बायको केव्हा येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिचे हात पिठाचे होते, ते तिने पदराला पुसले, माझ्या डाव्या अंगाला येऊन बसली, आणि हात लांब करून भाता मारायला लागली. पेटी बोलली. माझी बोटं पट्ट्यांवरच होती, ती आपोआप चालू लागली. आम्ही एक अख्खं कडवं वाजवलं. मग मी म्हणालो, ‘अगं, जोरात मार. कणीक तिंबतेयस का?’

‘तेच तर येतं मला,’ ती म्हणाली.

तिथून आमची तालीम सुरू झाली, म्हणजे भांडण सुरू झालं. तिला सवय अशी की ती गायला लागली की हात गाण्याबरोबर चालायचा. ओळ संपली, तिने श्वास घेतला, की हातही थांबायचा, आणि पेटी मध्येच मरायची. मी म्हणायचो, ‘तू श्वास घे, पेटीचा का अडवतेस?’ ती म्हणायची, ‘मग तुम्ही मारा.’ हे बोलून झाल्यावर आम्ही दोघंही हसायचो, कारण दुसरं काय करणार. हळूहळू तिला जमलं. पण एक गोष्ट ती ऐकेना, ती म्हणजे जोर. भाता तिच्या हातात, म्हणजे आवाज तिच्या हातात. मी कितीही बोटं आपटली तरी पेटी हळूच बोलायची. ‘अजून,’ मी म्हणायचो. ‘एवढंच पुरे,’ ती म्हणायची. ‘मला माझं गाणं ऐकू येतंय, ते मी आता सोडणार नाही.’

व्यायामाच्या मुलीला हे सांगितलं तर ती खूश झाली. म्हणाली, मग आंटीच्या हातावर तुमचा डावा हात ठेवत जा, तो पुढेमागे होईल, चांगला व्यायाम आहे. बायको म्हणाली, ‘मने फावशे,’ म्हणजे मला जमेल. त्यानंतर माझा हात तिच्या हातावर बसून भात्याबरोबर जायला यायला लागला. त्याला काही करायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं.

आमच्याकडे रिवाज आहे की दर आठवड्याला एका घरी प्रार्थना असते. पाळी ठरलेली असते, ज्याची पाळी त्याने चहा-नाश्ता करायचा आणि गीतं त्यानेच निवडायची. देवळात न जाणाऱ्याला यातून सुटका नाही. तुम्ही देवळात गेला नाहीत तर देऊळ तुमच्याकडे चटया घेऊन येतं. नवरात्रीत आमची पाळी आली. मी बायकोला सांगितलं, ‘पाळी पुढे ढकल. बाहेर गरबा असतो, काही ऐकू येणार नाही.’ ती म्हणाली, ‘संध्याकाळी लवकर ठेवू. गरबा नंतर असतो.’ मी म्हणालो, ‘मी आतल्या खोलीत बसेन.’ ती म्हणाली, ‘बसा. पेटी बाहेर असेल.’

माणसं आली. आमची बैठकीची खोली ती केवढी, पण बसले सगळे, गुडघ्याला गुडघा लावून. चारही वडील होते. तबलजी डभोईहून खास आला होता. मी आतल्या खोलीत पलंगावर बसून ऐकत होतो. पाळकसाहेब म्हणाले, गीत सुरू करू या. कुणीतरी सूर धरला, तो इतका वर की दुसऱ्या ओळीला निम्मी माणसं गळणार हे मला बसल्या बसल्या कळलं. माझ्याने राहवेना. काठी घेतली आणि बाहेर आलो. ‘थांबा, थांबा,’ मी म्हणालो, ‘जीव जाईल सगळ्यांचा.’ बायको पेटीच्या डाव्या बाजूला आधीच बसलेली होती, माझी जागा मोकळी ठेवून. मी बसलो. तिने माझा हात उचलून आपल्या हातावर ठेवला.

नाक्यावर मांडवात कुणीतरी माइक तपासत होतं, ‘हॅलो, हॅलो.’ मी पुटपुटलो, ‘आज तरी जोरात मार, बाहेरचं ऐकू येतंय.’ तिने नेहमीसारखाच मारला. पेटी हळू बोलली, तबल्याने अलगद धरलं, आणि माणसं गायला लागली.

आणि मला ती ऐकू आली. हे मी कसं सांगू? इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी वाजवत होतो आणि मी त्यांना ऐकलंच नव्हतं. पाळकसाहेबांचा आवाज खर्जातला आहे, मला माहीत नव्हतं. एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्या अख्खं गीत एकाच सुरावर म्हणतात, पण शब्द एकही चुकत नाहीत. चार वडिलांपैकी ज्यांचा मला सगळ्यात कंटाळा यायचा, त्यांचे डोळे गाताना पाण्याने भरतात. आणि माझ्या कानाजवळ बायको. तिचा आवाज वयाने थोडा चिरला आहे, पण सुरात पक्का. माझी बोटं नुसती त्यांच्या खाली खाली चालत होती. रेंगाळले ते, हो, नेहमीसारखे रेंगाळले. मी त्यांना रेटलं नाही, कारण रेटायला माझ्याकडे भाताच नव्हता. ते आपापल्या पायांनी कडव्याच्या शेवटाला पोचले. मला वाटत होतं तेवढी माझी गरज त्यांना कधीच नव्हती, आणि याचं मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला इतकं हलकं वाटलं की पुढच्या गीताचा सूर द्यायला मी विसरलो.

शेवटी पाळकसाहेबांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. कितीतरी महिन्यांनी मी मोठ्याने तोंड उघडलं. म्हणालो, हे देवबापा, मी तुझ्यावर रागावलो होतो ते तुला माहीत आहे. तू या सगळ्यांना माझ्या घरी आणलंस, त्याबद्दल उपकार. मला वाटलं होतं तू मला काढून टाकलंस. तू तर मला फक्त जरा सरकून बसायला सांगितलंस. हात मात्र मला अजून हवा आहे, तेवढं विसरू नकोस. कुणीतरी हसलं, आणि मग सगळ्यांनी आमेन म्हटलं.

माणसं गेली. बायको चटया गोळा करत म्हणाली, ‘रविवारी किती वाजता निघायचं?’

‘कुठे?’

‘देवळात. पेटी वाजवता येईल त्या दिवशी पाऊल टाकीन म्हणाला होतात. आता येते की वाजवता.’

‘अगं, म्हणजे मी एकट्याने.’

‘एकट्याने असं तुम्ही म्हणाला नव्हतात,’ ती म्हणाली. ‘मला शब्दन् शब्द पाठ आहे. त्यालाही असेल.’

रविवारी पेटी रिक्षात घालून गेलो. दारात गुजराती मंडळी बाहेर पडत होती, त्यांनी ‘केम छो अंकल, मजामां?’ करून मला पायऱ्या चढायला हात दिला. आत आल्यावर एक छोटा पेच झाला. आमच्याकडे स्त्रिया एका बाजूला बसतात, पुरुष दुसऱ्या. पेटी पुरुषांच्या बाजूला. बायको माझा दंड धरून सरळ चालत आली आणि पुरुषांच्या बाजूला पहिल्या चटईवर माझ्या डावीकडे बसली. एका वडिलांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब म्हणाले, ‘पेटीचे दोन हात आहेत, दोन्ही लागतील.’ कीबोर्ड कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला होता. डभोईचा पंतोजी डग्ग्यावर हात ठेवून माझ्याकडे बघून मिशीत हसत होता.

पहिली दोन गीतं नीट गेली. तिसरं आमच्या मंडळीचं फार आवडतं आहे, मोडलेल्यांना प्रभू जवळ घेतो अशा अर्थाचं. ते मी लहानपणापासून वाजवतो. माझे वडील आजारी असताना वाजवलं, ते गेले तेव्हाही वाजवलं. शेवटच्या कडव्याला आलो आणि पेटीचा आवाज बारीक व्हायला लागला. मला वाटलं ती दमली. मी कोपराने तिला खुणावलं. तिचा हात हलेना. माझ्या हाताखाली तो नुसता पडून होता. पेटी गप्प झाली.

मी आयुष्यभर घाबरलो असेन तर याच गोष्टीला. गाणं चालू आहे आणि पेटी बंद. आता सगळं कोसळणार म्हणून मी तिच्याकडे पाहिलं, तर ती समोर बघत शांतपणे गात होती. तबला चालू होता. मंडळी गात होती. काही कोसळलं नाही. माझ्या उजव्या हाताला काही काम नव्हतं आणि डाव्याला तर नव्हतंच. पेटीपुढे हात ठेवून मी नुसता बसलो होतो, जसा बसायला मी घाबरत होतो तसाच. मग मी तोंड उघडलं. जीभ अजून थोडी जड आहे, ओठाचा एक कोपरा ऐकत नाही, त्यातून जसं निघालं तसं गायलो. माझा आवाज बाकीच्यांच्या आवाजात मिसळला. मी काही देत नव्हतो, काही सांभाळत नव्हतो, आणि तरी मी तिथे त्यांच्यात होतो. देवाला मी चालतो, हे मला त्या कडव्यात कळलं. डोळे वाहत होते ते पुसायचंही सुचलं नाही.

परत येताना रिक्षात मी तिला विचारलं, ‘शेवटच्या कडव्याला थांबलीस का?’

‘हात भरून आला.’

मंडळीच्या जेवणाला एकटीने परातभर कणीक तिंबणारी ही बाई. मी म्हणालो, ‘देवळातून येतोय आपण. निदान आज तरी खोटं बोलू नकोस.’

माझा डावा हात तिच्या मांडीवर होता, तो पडू नये म्हणून तिने धरून ठेवला होता. तो नीट सरकवून ती म्हणाली, ‘लग्न झाल्यापासून तुम्ही प्रत्येक गाण्यात वाजवतच होतात. गाताना कधी ऐकलंच नव्हतं तुम्हाला. म्हटलं, ऐकून घ्यावं.’

‘मग? कसा होता आवाज?’

‘बेसूर,’ ती म्हणाली. ‘पण पुढच्या रविवारीही एक कडवं मी थांबणार आहे.’